प्रकल्प नोंदी : दोघींची होळी, एक वाटी डाळ

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

होळी १३ मार्चला आहे, गुरुवार. नवरा जूनपर्यंत मस्कतला, घरात मी आणि सासूबाई. मागच्या वर्षी आम्ही पोळ्या विकत आणल्या होत्या, पुरण नुसतं साखरेसारखं गोड लागत होतं आणि पोळी दुसऱ्या दिवशी पापडासारखी झाली. आई काही बोलल्या नाहीत पण अर्धी पोळी ताटात तशीच राहिली, आणि त्या ताटात कधीच काही टाकत नाहीत, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलंय.

या वर्षी घरी करायचं, पूर्ण स्वयंपाक. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडई, भजी, वरणभात. दोघींपुरता. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दोघींसाठी कशाला एवढा घाट घालतेस, चार पोळ्यांसाठी अख्खा ओटा खरकटा होतो." त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. जळगावकडच्या त्यांच्या घरात होळीला अठरा पानं उठायची, सव्वा किलो डाळ शिजायची, चार बायका लाटायला. त्यांना एकच प्रमाण माहिती आहे आणि ते अठरा माणसांचं आहे. म्हणून ही वही. जे करीन ते वजन करून आणि वेळ लावून लिहीन, म्हणजे दोघींचं प्रमाण एकदाचं कागदावर येईल.

पहिला हिशोब: सव्वा किलो भागिले नऊ म्हणजे १४० ग्रॅम डाळ. गूळ तेवढाच.

२ मार्च, रविवार. पहिला प्रयोग

डाळ १४० ग्रॅम, दोन तास भिजवली, कुकरला लावली. पाणीसुद्धा मी प्रमाणातच घेतलं, डाळीच्या तिप्पट. चार शिट्ट्या. डाळ छान शिजली पण निथळल्यावर कट किती निघाला तर जेमतेम एक वाटी! त्यात आमटी काय होणार, दोन घोट.

इथे मला पहिली गोष्ट कळली की सगळं नऊने भागता येत नाही. डाळ भागता येते, गूळ भागता येतो, पण कटाचं पाणी डाळीच्या हिशोबाने नाही तर आमटीच्या हिशोबाने घ्यायला लागतं, म्हणजे आधी ठरवायचं आमटी किती हवी आणि मग डाळ तेवढ्या पाण्यात शिजवायची. मोठ्या पातेल्यात सव्वा किलो डाळ शिजली की कट आपोआप भरपूर निघतो म्हणून कोणी त्याचा विचारच करत नाही.

दुसरी चूक गुळाची. पुरण कढईत आटलं, गरम असताना बरं दिसत होतं, गार झाल्यावर दगड. चमचा आत जाईना. आईंनी चिमूट घेऊन दोन बोटांत दाबली, ती तुटायच्या ऐवजी ताणली गेली, तार आल्यासारखी. "हा चिक्कीचा गूळ आहे गं, कुठून आणलास?" कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला होता, मी नुसता गूळ द्या म्हटलं आणि त्याने दिला, मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चिक्कीचा गूळ गार झाला की कडक होतो, पुरणाला, गुळाच्या पोळीला तो चालत नाही. साधा गूळ हवा, बोटाने दाबला की दबणारा. हे मला माहिती असायला हवं होतं, माझं माहेर साताऱ्याचं, कराडकडे गुऱ्हाळं बघत मोठी झालेय.

ते पुरण टाकलं नाही, दुधात शिजवून खीर केली, दोन दिवस खाल्ली.

५ मार्च, बुधवार

ऑफिसमधून येताना मंडईतून कोल्हापुरी गूळ आणला, अर्धा किलो. ढेपेतून फोडून घेतला, आधी चिमूटभर खाऊन बघितला, खारट लागत नाही ना ते. दुकानदाराला म्हटलं पुरणासाठी हवाय. त्याने दोन ढेपा दाखवल्या, एक पिवळी आणि एक गडद तपकिरी. गडद घेतला. पुरणाचा रंग थोडा काळपट येईल पण चवीला तो जास्त भरलेला वाटला.

माहेरहून मम्मीचं पार्सल पण आलं, गव्हाच्या कुरडया आणि येळवणीसाठी तिचा काळा मसाला. येळवणी म्हणजे तोच कट, आमच्याकडे येळवणीची आमटी म्हणतात, आईंकडे रशी म्हणतात, इथे पुण्यात सगळे कटाची आमटी म्हणतात. पाणी एकाच डाळीचं. आता दोन काळे मसाले झालेत घरात, मम्मीचा आणि आईंचा जळगावचा, आणि आमटी एकच होणार आहे, तो निर्णय मी आईंवर सोडलाय.

८ मार्च, शनिवार. दुसरा प्रयोग, फक्त पुरण

आज निम्मंच घेतलं, ७० ग्रॅम डाळ, म्हणजे चुकलं तरी कमी वाया जाईल. हाच विचार चुकीचा निघाला. एवढंसं पुरण मोठ्या कढईत पसरलं की त्याचा थर पाव इंचाचा होतो, कडेने लगेच लागतं आणि मधलं अजून ओलंच. सहाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला. कमी पुरण म्हणजे सोपं पुरण असं नाहीये, उलट अठरा माणसांचं पुरण जरा दुर्लक्ष झालं तरी सांभाळून घेतं, दोघींचं घेत नाही. भांडं लहान हवं आणि बूड जाड हवं. आपल्याकडे आहे ती साजूक तूप कढवायची छोटी कढई काढून ठेवलीये.

आईंनी आज पहिल्यांदाच स्वतःहून स्टूल ओट्याजवळ ओढून घेतलं. मागच्या पावसाळ्यात त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं पण जोर लागत नाही, त्यामुळे त्या लाटणं धरत नाहीत आणि मला वाटतं नको म्हणण्याचं अर्धं कारण तेच होतं. स्टुलावर बसून म्हणाल्या, "बघ, पुरण झालं कधी कळतं, उलथनं मधोमध उभं कर, पडलं तर नाही झालं." हे मी पण ऐकलेलं होतं. पण त्याच्या आधीची खूण त्यांनी सांगितली ती नवीन होती: कान दे. आधी पुरण बदबद असा जड आवाज करतं, बुडबुडे फुटतात, उडतं पण, हातावर चटका बसतो. मग तो आवाज बारीक होत जातो आणि शेवटी नुसता कढईवर उलथनं घासल्याचा आवाज राहतो. तिथून पुढे एक मिनिट. पुरण कढईची कड सोडून गोळा होऊन फिरायला लागतं.

पुरण वाटायचं कशाने यावर पण बोलणं झालं. आमच्याकडे पितळी पुरणयंत्र आहे, पण एवढ्याशा पुरणाला ते काढलं तर चमचा दोन चमचे आतच चिकटून राहतं आणि धुवायला पाव तास. गव्हाच्या चाळणीवर पुरण घेऊन वाटीच्या बुडाने दाबून घासायचं, गरम असतानाच, हेच बरं. गार झालं की कण दाबले जात नाहीत. मिक्सर नको, मिक्सरमध्ये ते पेस्टसारखं चिकट होतं.

९ मार्च, रविवार. कणीक आणि लाटणं

मी कणकेत मैदा घालणार होते, चार भाग कणीक एक भाग मैदा, मम्मी तशीच करते. आई म्हणाल्या मैदा नको, पीठ वस्त्राने गाळ. माझी जुनी मलमलची ओढणी धुवून वाळवलेली होती ती परातीवर बांधली आणि त्यावर पीठ हाताने फिरवत बसले, हे फार हळू होतं, २२० ग्रॅम पिठाला पंचवीस मिनिटं, खाली १६५ ग्रॅम पडलं आणि वर कोंडा राहिला. पण खाली जे पडलं ते हाताला टाल्कम पावडरसारखं लागत होतं. त्यात मीठ, चिमूट हळद, एक चमचा तेल. पाणी साधारण ११० मिली, नेहमीच्या पोळीपेक्षा बरंच सैल. मग तिंबायची. तेलाचा हात घेऊन दहा मिनिटं तिंबली, आपटली, परत तिंबली, शेवटी ती बोटाला धरून ओढली तर तुटत नव्हती, लांब येत होती. झाकून दीड तास.

आता लाटायची पद्धत. मी उंडा करते, पारीत पुरण भरून तोंड बंद करून लाटायचं. वर जिथे तोंड बंद केलं तिथे कणकेची गाठ राहते आणि मला ती नेहमी पोळीच्या मधोमध जाड लागते. आईंकडची पद्धत वेगळी आहे, खानदेशात मांडे करतात त्याची: दोन लहान पुऱ्या लाटायच्या, एकीवर पुरणाची चकती ठेवायची, दुसरी वर झाकायची, कडा दाबून घ्यायच्या आणि मग लाटायचं. गाठ कुठेच येत नाही. खरे मांडे तर लाटणं नाहीच, ती दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत फिरवत वाढवतात आणि उपड्या खापरावर टाकतात, खाली चूल. आईंनी हात पुढे करून दाखवलं कसं फिरवायचं, हातात काही नसताना, आणि मनगट दुखलं असावं कारण मध्येच थांबल्या.

आज दोन्ही पद्धतीने दोन दोन पोळ्या केल्या, कालच्या उरलेल्या बऱ्या पुरणाच्या. माझ्या दोनातली एक फाटली. आईंच्या पद्धतीच्या दोन्ही कडेपर्यंत पुरण पोचलेल्या. ठरलं, दोन पुऱ्यांचीच.

वरून लावायला तांदळाची पिठी, गव्हाचं पीठ नको, ते तव्यावर जळून काळं होतं.

१२ मार्च, बुधवार रात्र

गुरुवारी सुट्टी नाही, सुट्टी शुक्रवारी धुळवडीची. त्यामुळे पुरण आजच.

साडेसहाला घरी. आईंनी डाळ चारलाच भिजत घातली होती, मी सांगितलं नव्हतं. या वेळी १५० ग्रॅम, आपली स्टीलची वाटी सपाट भरून बरोबर तेवढीच बसते, त्यामुळे आता वजनाची गरजच नाही. कुकर नाही, उघड्या पातेल्यात सव्वा लिटर पाणी, तेलाचे चार थेंब म्हणजे फेस वर येत नाही, चिमूट हळद. बारीक गॅसवर पन्नास मिनिटं. डाळीचा दाणा बोटात धरला की मऊ चिरडतो पण पातेल्यात अजून अख्खा दिसतो, तिथे थांबायचं. निथळली. कट साडेसहाशे मिली! घट्टसर, पिवळा. एवढी आमटी दोघींना दोन दिवस.

गूळ १३० ग्रॅम. आधी वाटलं होतं डाळीइतकाच घ्यावा पण आईंच्या शुगरमुळे थोडा कमी केला आणि त्यांनी चाखून सांगितलं की एवढाच बरा. छोटी कढई, मध्यम गॅस, चौदा मिनिटं, आणि आज मी घड्याळ बघितलंच नाही, आवाज ऐकत होते. चौदा हे आईंनी नंतर सांगितलं, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. उलथनं उभं राहिलं. चिमूट मीठ, पाच वेलदोडे, पाव जायफळ किसून, पाव चमचा सुंठ. सुंठ चवीला कळत नाही पण पुरण पोटाला जड होत नाही.

वाटल्यावर वजन ३९५ ग्रॅम. आठ पोळ्यांना ४८ ग्रॅमने ३८४, उरलं चमचाभर, ते आमटीत. हा आकडा बघून मला जो आनंद झाला तो लिहून ठेवते, दोन आठवड्यांनी हिशोब जुळला.

पुरण आणि कट दोन्ही फ्रीजमध्ये. उद्या दोन वाजता पुरण बाहेर काढायचं, फ्रीजमधलं गार पुरण कडक असतं, लाटताना पारी फाडतं. आईंच्या फोनवर अलार्म लावून दिला.

१३ मार्च, गुरुवार. होळी

पाचला निघाले, पावणेसहाला घरी. ओट्यावर पुरण बाहेर काढून हाताने मळून ठेवलेलं, सोळा छोट्या लाट्या एका ओल्या फडक्याखाली मांडलेल्या, प्रत्येकी अठरा ग्रॅमच्या आसपास असाव्यात, एकसारख्या. कणीक सकाळी मी वस्त्रगाळ पिठाची भिजवून ठेवून गेले होते पण लाट्या करायला मी सांगितलं नव्हतं. पुरणाचे आठ गोळे पण तयार. डाव्या हाताने केल्यात सगळ्या.

क्रम असा ठेवला. आधी आमटी, कारण ती मुरायला हवी. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र. भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून. कांदा लसूण नाही, नैवेद्य आहे. कट, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, कालचं चमचाभर पुरण. मसाला कुठला? आईंनी दोन्ही डबे उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचा घाल, कटाला तो जमेल, आपला जास्त जळजळीत आहे." एक चमचा. वीस मिनिटं उकळली, तवंग आला.

एका कुकरमध्ये खाली अर्धी वाटी तांदूळ आणि वर लहान डब्यात तीन चमचे तूरडाळ, वरणाची. दोन बटाटे सकाळीच उकडलेले, त्यांची हळदीची सुकी भाजी पाच मिनिटांत. तेल एकदाच तापवलं: चार कुरडया, मग त्याच तेलात कांद्याशिवाय साधी बटाट्याच्या कापांची भजी, आठ. दोन माणसांसाठी तळण असेल तर ते एकाच वेळी, एकाच कढईत, नाहीतर अर्धा लिटर तेल नुसतं उरतं.

पोळ्या सव्वासातला सुरू. तवा मध्यम गॅसवर चांगला तापू दिला. पहिली टाकली, रंग बदलला, उलटली, मधोमध फुगायला लागली आणि कडेपर्यंत फुगत गेली, मग एकदाच परत उलटून कडेने तूप. सारखी उलटायची नाही, उलटली की कडक होते. पहिली पोळी नैवेद्याची, ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढली. खाली सोसायटीची होळी पेटली तेव्हा वरपर्यंत बोंबा ऐकू आल्या, आठची वेळ. मी पाचवी लाटत होते. गॅस बंद करून दोघी नैवेद्य घेऊन खाली गेलो. आईंनी होळीला पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घातली, पोळी आणि नारळ अर्पण केला, आणि मग शेजारच्या पोरांबरोबर खणखणीत बोंब ठोकली. मी त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

वर येऊन उरलेल्या तीन. आठवी लाटायला घेतली तर म्हणाल्या, "दे इकडे." स्टुलावरून उठल्या. दोन पुऱ्या मी लाटून दिल्या, पुरण ठेवून कडा त्यांनी दाबल्या, अंगठ्याने, सगळीकडून सारख्या. मग लाटणं न घेता पोळी तळहातावर घेतली आणि या हातावरून त्या हातावर हळूहळू थोपटत वाढवली, फार मोठी नाही, बशीएवढी. तव्यावर टाकली. कडेला बोटभर जाड राहिली होती पण पुरण कुठेही बाहेर आलं नाही.

ताटं नऊ वाजता. ती आठवी पोळी आम्ही मधोमध मोडून घेतली. प्रत्येकी दोन पोळ्यांचा हिशोब होता आणि दोघींनी दोन दोनच खाल्ल्या, वर तूप, आमटी वाटीने प्यायलो. आईंच्या ताटात काही राहिलं नाही.

एक पोळी वॉचमनकाकांना दिली. दोन उरल्या.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

सकाळी शिळी आमटी आणि भात, कालच्यापेक्षा आज छान लागली, मसाला उतरलाय. उरलेल्या पोळ्या दुपारी गार दुधात. मऊ होत्या, रात्रभर स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या, गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, वाफ धरते.

नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो म्हणाला मला पण पाठवा, आई म्हणाल्या "ये इकडे आणि खा."

पुढच्या वेळी बदल: वरण तीन चमच्यांऐवजी दोन चमचे डाळ, उरलं. भजी आठ जास्त झाली. बाकी सगळं असंच, एक वाटी डाळ, पाऊण वाटीला थोडा वर गूळ चिरून, सव्वा लिटर पाणी, आठ पोळ्या. ही वाटी आता वेगळी ठेवली आहे, चहाच्या डब्याशेजारी, कोणी हलवू नये म्हणून.

१५ मार्च, शनिवार

सकाळी आईंनी कॅलेंडरची पानं उलटली, एप्रिलपर्यंत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला आहे, बुधवारी. खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि खापरावरच्या पोळ्या आणि आमरस होतो. मी म्हटलं आई, गॅसवर खापर चालेल का. त्या म्हणाल्या गॅसवर नाही, तडकतं, शेगडी हवी कोळशाची, गच्चीवर. मग लगेच गावाकडे फोन लावला, धाकट्या जाऊबाईंना. स्पीकरवर होतं. "माळ्यावर आपलं खापर आहे का गं अजून?" पलीकडे थोडा वेळ काही नाही, मग भांडी सरकवल्याचा आवाज, मग "आहे वहिनी, धूळ बसलीये नुसती, कुठे तडकलेलं दिसत नाही."

"मग पुसून ठेव," आई म्हणाल्या, "दोघींपुरतंच करायचंय."